हवा काढण्याची गोष्ट

मराठीत 'हवा काढणं' हा वाक्प्रचार साधारण दोन ठिकाणी वापरतात. एक सायकलच्या चाकाच्या बाबतीत, आणि दुसरं म्हणजे एखादा माणूस फारच फुगून बोलायला लागला की त्याच्या बाबतीत. पण इंग्लंडात किंवा युरोपातल्या एखाद्या थंड गावात ज्यांनी हिवाळा काढला आहे त्यांना हवा काढण्याचा तिसरा प्रकारही ठाऊक असतो. तो म्हणजे रेडिएटरमधली हवा काढणं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रेडिएटर म्हणजे खिडकीखाली भिंतीला लावलेला पत्र्याचा एक चपटा, पोकळ, पांढरा डबा. (आपल्याकडे रेडिएटर म्हटलं की गाडीचा आठवतो. तो पाणी गार करण्यासाठी असतो, हा खोली गरम करण्यासाठी. दोघांचं काम एकच, पाण्यातली उष्णता हवेला द्यायची. हेतू तेवढा उलटा!) स्वयंपाकघरात किंवा जिन्याखाली एक बॉयलर असतो, त्यात गॅसवर पाणी तापतं आणि एक छोटा पंप ते पाणी नळांमधून घरभर फिरवतो. पाणी प्रत्येक खोलीतल्या डब्यातून जातं, आपली ऊब तिथे ठेवतं आणि गार होऊन परत बॉयलरकडे येतं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं.

उन्हाळाभर हे सगळं बंद असतं. ऑक्टोबरात पहिली थंडी पडली की लोक हीटिंग सुरू करतात आणि मग लक्षात येतं की एखादा रेडिएटर खालून कढत आहे आणि वरून गार. नळांतून गुळगुळ आवाज येतो. हे हवा अडकल्याचं लक्षण. उपाय अगदी सोपा आहे. हीटिंग बंद करायचं, पाणी निवू द्यायचं. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी स्क्रू असतो, त्याला बसणारी पितळेची बोटभर चावी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाली फडकं धरायचं आणि चावी डावीकडे थोडीशी, फार तर अर्धा फेरा, फिरवायची. स्स्स्स असा आवाज येतो. थोड्या वेळाने थुंकल्यासारखे चार थेंब उडतात आणि मग पाण्याची बारीक सलग धार लागते. लागली की चावी उलटी फिरवून बंद. शेवटी बॉयलरवरचा दाबाचा काटा बघायचा. सिस्टिम गार असताना तो एक ते दीड बारच्या मध्ये असावा. हवा गेल्यामुळे उतरला असेल तर थोडं पाणी भरून घ्यायचं. झालं काम!

काम पाच मिनिटांचं, पण त्यामागचा इतिहास तीनशे वर्षांचा आहे. आणि तो वाचत गेलं की एक प्रश्न सारखा समोर येतो. घरातली ऊब नक्की कोणाच्या ताब्यात असते? ज्याचं घर आहे त्याच्या, की ज्याच्याकडे आग आहे त्याच्या?

पण आधी ही हवा येते कुठून ते बघू. चहाचं आधण ठेवलं की उकळी फुटायच्या बरंच आधी पातेल्याच्या तळाशी बारीक बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे, ती पाण्यात विरघळलेली हवा. गार पाण्यात हवा जास्त मावते, गरम पाण्यात कमी. शिवाय पाण्यावरचा दाब जितका जास्त तितकी हवा जास्त मावते. हा दाबाचा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडला. घरातल्या नळांत गार पाणी भरलं आणि ते तापवलं की ही हवा बाहेर पडणारच. आणि हवा हलकी, त्यामुळे जिथे उंच कोपरा सापडेल तिथे जाऊन बसणार. रेडिएटरचा माथा म्हणजे तिच्यासाठी आयती जागा. हवेने जागा धरली की पाण्याला तिथे जाता येत नाही, म्हणून वरची बाजू गार.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असते, नळ उघडलेला असतो आणि तरी पाणी येत नाही, तेव्हा प्लंबर पाइपला कान लावून 'एअर धरलीय' म्हणतो ते हेच. पुण्यात इतक्या गच्च्यांवर सोलर हीटर दिसतात, त्यांच्या टाकीतून एक उघड्या तोंडाची उभी नळी वर काढलेली असते बघा. ती या हवेसाठीच वाट करून दिलेली असते.

आता इतिहास. गरम पाण्याने जागा उबदार ठेवायची ही कल्पना निघाली ती माणसांसाठी नव्हे. मार्टेन ट्रीवाल्ड नावाचा एक स्वीडिश अभियंता इंग्लंडात न्यूकॅसलला राहत होता. त्याने १७१६ च्या सुमारास गरम पाणी नळांतून फिरवून एक काचघर तापवलं, म्हणजे ऊब मिळाली ती झाडांना. पुढे १७७७ मध्ये फ्रान्समध्ये बॉनमँ नावाच्या माणसाने हीच युक्ती वापरून अंडी उबवली. त्याने तर धातू तापला की लांबतो या गुणाचा उपयोग करून शेगडीकडे जाणारी हवा आपोआप कमीजास्त करणारा नियंत्रकही बसवला होता. आजच्या थर्मोस्टॅटचा हा पूर्वजच म्हणायचा! तेव्हा माणसं अजून शेकोटीसमोर बसून समोरून भाजत आणि पाठीवर कुडकुडत होती, आणि कोंबडीची पिल्लं मात्र सेंट्रल हीटिंगमध्ये जन्माला येत होती.

याला कारणही आहे. माणूस गारठला तर घोंगडी पांघरतो, आगीजवळ सरकतो. झाडाला आणि अंड्याला हलता येत नाही. त्यांना सगळीकडून सारखी, रात्रंदिवस, न भडकणारी ऊब लागते. अशी ऊब आग देऊ शकत नाही, पाणी देऊ शकतं. तापायला वेळ घेतं, पण निवायलाही वेळ घेतं. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात आग विझल्यावरही शेवटच्या माणसाच्या आंघोळीपर्यंत पाणी गरम राहायचं ते याच गुणामुळे.

काचघरांचं हे प्रकरण पुढे फारच मोठं झालं. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या बागेत जोसेफ पॅक्स्टनने १८३६ ते १८४१ या काळात एक प्रचंड काचघर उभारलं. त्याखाली आठ बॉयलर होते आणि जवळजवळ सात मैल लांबीचे लोखंडी नळ. उष्ण कटिबंधातली झाडं तिथे डर्बीशरच्या बर्फात वाढत होती. मग पहिलं महायुद्ध आलं. काचघरासाठी कोळसा मिळेना, बॉयलर थंड पडले आणि झाडं मेली. १९२० मध्ये ते काचघर सुरुंग लावून पाडलं. कोळसा मिळतोय तोवरच तिथली ऊब होती. झाडांना त्याची कल्पना असायचं कारण नव्हतं, पण माणसांची घरं पुढे याच मार्गाने जाणार होती.

माणसांच्या घरात हे तंत्र आणणाऱ्यांत अँजियर मार्च पर्किन्स हे नाव महत्त्वाचं आहे. याचा बाप जेकब पर्किन्स हा अमेरिकेतून लंडनला आलेला कोरीवकाम करणारा आणि संशोधक. १८४० चं 'पेनी ब्लॅक' हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट ज्या कंपनीने छापलं ती त्याचीच. शिवाय १८३४ मध्ये त्याने बर्फ करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे बाप गारवा करत होता आणि मुलगा ऊब! मुलाचं पेटंट १८३१ चं. त्याने साधारण इंचभर जाडीचे, आतून आणखी निमुळते, जाड भिंतींचे लोखंडी नळ घेतले. वेगळा बॉयलर ठेवलाच नाही, नळाचंच एक वेटोळं भट्टीत घातलं आणि सगळा नळ दोन्ही टोकं जोडून कायमचा बंद करून टाकला. बंद असल्यामुळे दाब वाढायचा आणि पाणी उकळण्याच्या तापमानाच्या बरंच पुढे जाऊनही पाणीच राहायचं. वास्तुशिल्पी सर जॉन सोन याने लंडनमधल्या आपल्या घरात १८३२ मध्ये ही यंत्रणा बसवून घेतली. तेच घर आज सोन म्युझियम म्हणून बघता येतं.

पर्किन्सच्या यंत्रणेत एक गोष्ट मला फार आवडते. पाणी तापलं की फुगतं. दहा अंशांचं पाणी ऐंशी अंशांपर्यंत नेलं तर साधारण तीन टक्क्यांनी वाढतं. आता नळ सगळीकडून बंद असेल तर हे वाढलेलं पाणी जाणार कुठे? नळ फुटणारच. म्हणून पर्किन्सने सगळ्यात उंच ठिकाणी एक जाड नळी ठेवली आणि तिच्यात मुद्दाम हवा राहू दिली. पाणी फुगलं की ही हवा दाबली जायची, पाणी निवलं की पुन्हा पसरायची. बाकी सगळ्या नळांतून हवा कसोशीने बाहेर काढायची आणि या एका नळीत मात्र सांभाळून ठेवायची. आजच्या घरगुती बॉयलरलाही असा एक डबा असतो, फक्त त्यात पाणी आणि हवा यांच्यामध्ये रबराचा पडदा असतो. थोडक्यात, इथे हवा हवी आणि तिथे हवा नको. सगळं तंत्र या एका वाक्यात बसतं.

पर्किन्सचे नळ फार तापायचे. लागून असलेलं लाकूड करपतं, आग लागते अशी तक्रार झाली, विमा कंपन्या साशंक झाल्या. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कमी दाबाची साधी पद्धत चालत राहिली. तिच्यात पंप वगैरे काही नव्हता. गरम पाणी हलकं म्हणून वर चढायचं आणि गार पाणी जड म्हणून खाली उतरायचं. गच्चीवरचा सोलर चालतो तसंच. पण हा जोर फार क्षीण असतो. म्हणून नळ मांडीएवढे जाड लागायचे, आणि अडकलेली हवा आपली आपण वरच्या उघड्या टाकीत जावी म्हणून नळांना सगळीकडे थोडा थोडा चढ द्यावा लागायचा. फिटरचं अर्धं कौशल्य हा चढ साधण्यात होतं.

नुसता नळ खोलीला पुरेशी ऊब देत नाही, त्याला पृष्ठभाग कमी पडतो. हे ओळखून पोकळ बिडाचे डबे करायची कल्पना १८५५ ते ५७ च्या दरम्यान सेंट पीटर्सबर्गला फ्रान्स सान-गाली याने प्रत्यक्षात आणली. हा जन्माने प्रशियाचा, धंद्याने ओतकाम कारखानदार. गंमत म्हणजे त्यालाही हे सुचलं ते झारच्या काचघराच्या तापवण्याचं काम हाती आलं तेव्हा, असं सांगतात. पुन्हा झाडंच! रशियातल्या समारा शहरात २००५ मध्ये रेडिएटरच्या दीडशे वर्षांनिमित्त त्याचं चक्क स्मारक उभारलं आहे. खाली रेडिएटर आणि वर खिडकीत आरामात पसरलेलं मांजर. इतकं समर्पक स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

अमेरिकेत पाण्याऐवजी वाफ जास्त चालली. तिथे १८९२ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी झाली आणि तिने १९२४ मध्ये न्यूयॉर्कला काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची इमारत बांधली. रात्री तिचा माथा उजळला की निखाऱ्यासारखा दिसायचा. जॉर्जिया ओकीफने १९२७ मध्ये तिचं चित्रही काढलं. रेडिएटर या क्षुल्लक वस्तूला आलेले हे सोन्याचे दिवस.

१९२८ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ओप्लेंडरने हीटिंगच्या नळांत पाणी ढकलणारा छोटा विजेचा पंप आणला आणि चित्र बदललं. आता पाणी स्वतःच्या हलकेपणावर अवलंबून राहिलं नाही. बारीक नळ चालू लागले, ते जमिनीखालून, दारावरून, हवे तसे वळवता येऊ लागले. पण नळाने चार ठिकाणी वरखाली वळणं घेतली की हवेला अडकायला चार जागा झाल्या. म्हणून प्रत्येक डब्याच्या माथ्यावरचा तो स्क्रू आता चैन राहिली नाही, गरज झाली.

या पंपाच्या आणि गॅसच्या जोरावर सगळ्यात मोठा बदल झाला तो ब्रिटनमध्ये, आणि तोही अगदी अलीकडे. औद्योगिक क्रांती करणाऱ्या या देशात घरं मात्र विसावं शतक अर्धं उलटून गेलं तरी कोळशाच्या शेगडीवरच होती. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुकं बसलं. त्यात चार हजार माणसं गेली असं तेव्हा सांगितलं गेलं, नंतरचे अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घरातल्या धुरावर बंधनं आली. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. तोवर घराघरांत येणारा गॅस कोळशापासून केलेला असायचा. त्याच्यासाठी बनवलेल्या शेगड्या या नव्या गॅसवर चालणाऱ्या नव्हत्या. म्हणून १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभर माणसं घरोघर गेली आणि सव्वा कोटीहून जास्त घरांतली सुमारे चार कोटी उपकरणं एकेक करून बदलली. युद्ध नसताना एखाद्या देशाने घराघरात जाऊन केलेलं इतकं मोठं काम क्वचितच सापडेल.

१९७० मध्ये ब्रिटनमधल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या घरांतच सेंट्रल हीटिंग होतं. आज ते जवळजवळ सगळ्या घरांत आहे. १९७० च्या हिवाळ्यात घरातलं सरासरी तापमान सुमारे १२ अंश होतं असा अंदाज आहे. बारा अंश! पुण्यात पहाटे बारा अंश झालं तर आपण स्वेटर आणि कानटोपी काढतो, आणि ते रस्त्यावर. ही माणसं तितक्या थंडीत घरात राहत होती. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी धरायची, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घेऊन शिरायचं, आणि सकाळी कपडे पांघरुणातच बदलायचे.

ऊब घरभर पसरली तेव्हा घरही बदललं. आधी एका खोलीत आग असायची, म्हणून सगळं कुटुंब त्या एका खोलीत असायचं. म्हातारी विणत बसलेली, मुलं गृहपाठ करताहेत, बाप पेपर वाचतोय, भांडणंही तिथेच. प्रत्येक खोलीत रेडिएटर आला आणि जो तो आपापल्या खोलीत गेला. मुलामुलींना पहिल्यांदाच दार लावून एकटं वाचत बसता आलं, ही साधी गोष्ट नाही. त्याच वेळी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं एक सबळ कारण गेलं, हेही खरं. यातलं काय चांगलं नि काय वाईट हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी बारा अंशांत एकत्र बसण्यापेक्षा एकोणीस अंशांत वेगवेगळं बसणं जास्त माणुसकीचं वाटतं.

पण शेगडी गेली तेव्हा आणखी एक गोष्ट गेली. शेगडीतली आग घरच्यांची होती. कोळसा नसला तर लाकूड, लाकूड नसलं तर मोडकी खुर्ची. सेंट्रल हीटिंगमध्ये आग डोळ्यांआड गेली आणि तिचं इंधन दूरच्या कोणाच्या तरी हातात गेलं. याचं टोक बघायचं असेल तर पुन्हा रशियाकडे जावं लागतं.

नोव्हेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता नळांतून फोंतान्का नदीकाठच्या एका इमारतीला देण्यात आली. तिथून सोव्हिएत संघात शहरंच्या शहरं एका मोठ्या भट्टीला जोडली गेली. कल्पना उत्तम होती. इंधन वाचतं, धूर शहराबाहेर राहतो, गरिबालाही तीच ऊब मिळते. पण हीटिंग कधी सुरू होणार हे घरमालक ठरवत नाही, नगरपालिका ठरवते. बाहेरचं दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं की सुरू, हा तिथला सर्वसाधारण नियम. त्याआधी थंडी वाजली तर स्वेटर घाला. आणि एकदा सुरू झालं की जुन्या घरांत कमी करायची सोय नाही, फार उकडलं तर खिडकीची झडप उघडा!

तिथल्या हवा काढायच्या नळाचीही गोष्ट आहे. रशियन भाषेत त्याला 'मायेव्हस्कीचा नळ' म्हणतात. १९३० च्या दशकातली ही रचना. त्याआधी रेडिएटरवर साधे नळ असायचे आणि लोक त्यातून हवा काढता काढता गरम पाणीही बादलीत भरून घ्यायचे, धुण्याला नि आंघोळीला, असं सांगतात. अंगणातल्या बंबाला सरावलेला माणूस याला चोरी म्हणणार नाही. पण इमारतीतलं पाणी असं कमी झालं की वरच्या मजल्यांना हवा धरायची आणि ते गारठायचे. म्हणून हा नळ असा केला की तो नुसत्या हाताने उघडू नये, चावी किंवा स्क्रू-ड्रायव्हर लागावा आणि भोक इतकं बारीक असावं की बादली भरायला सकाळची दुपार व्हावी. सगळ्यांच्या ऊबेसाठी एकेकाच्या हातातली सोय काढून घेतली. यात अन्याय झाला असं म्हणवत नाही, कारण वरच्या मजल्यावरची म्हातारीही खरीच होती.

पण भट्टीच थांबली तर? १९४१-४२ च्या हिवाळ्यात वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये तेच झालं. इंधन संपलं, सेंट्रल हीटिंग बंद पडलं, नळांतलं पाणी गोठलं. लोकांनी पत्र्याच्या छोट्या शेगड्या करून त्यांचे धुराडे खिडकीतून बाहेर काढले आणि त्यात फर्निचर जाळलं, जमिनीच्या फळ्या जाळल्या, पुस्तकं जाळली. ज्यांच्या घरात अशी शेगडी होती त्यांना निदान काही काळ तग धरता आला. शांततेच्या काळातही हे घडू शकतं. जानेवारी २००६ मध्ये युक्रेनच्या पूर्व भागातलं अल्चेव्स्क हे लाखाहून जास्त वस्तीचं गाव घ्या. उणे तीस अंशांच्या आसपास थंडी असताना तिथली एक मुख्य वाहिनी फुटली. गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं आणि तिथे बिडाचं काही चालत नाही. घराघरांतले नळ आणि रेडिएटर फुटले, अर्धं शहर हीटिंगविना राहिलं आणि मुलांना दुसऱ्या गावी हलवावं लागलं. आणि ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनच्या वीज आणि हीटिंग केंद्रांवर मुद्दाम हल्ले सुरू केले, तेव्हा तर ही दूरची भट्टी म्हणजे युद्धातलं लक्ष्यच झाली. बाँब घरावर पडायची गरजच नाही. कुठेतरी मैलांवर पडला की घर आपोआप थंड.

ब्रिटनमध्ये प्रत्येकाचा बॉयलर आपापला, म्हणून तिथे असं वाटत नव्हतं. पण गॅस आपला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये घरगुती वीज-गॅसच्या दराची कमाल मर्यादा एका झटक्यात ५४ टक्क्यांनी वाढली. त्या हिवाळ्यात अनेक म्हाताऱ्या माणसांनी एकाच खोलीतला रेडिएटर चालू ठेवून बाकीचे बंद केले. म्हणजे पन्नास वर्षांनी पुन्हा सगळं घर एका खोलीत. त्या वर्षी काटकसरीच्या सल्ल्यांच्या याद्या सगळीकडे येत होत्या. त्यांत एक सल्ला हमखास असायचा, रेडिएटरमधली हवा काढा. सल्ला बरोबरच होता. हवा धरलेला रेडिएटर तेवढाच गॅस जाळून कमी ऊब देतो. पण बिल भरता येत नाही अशा माणसाच्या हातात पितळी चावी देऊन 'ही फिरवा' म्हणण्यासारखंच ते होतं.

तरी त्या चावीला मी कमी लेखणार नाही, कारण ती आतली एक बातमीही देते. हवा काढताना शेवटी येणारं पाणी बघावं. स्वच्छ असेल तर उत्तम. काळं शाईसारखं असेल तर आतून लोखंड खाल्लं जात आहे. नळांतल्या पाण्यातला ऑक्सिजन लोखंड गंजवण्यात लवकरच संपतो. नंतरही पोलाद आणि पाणी यांची हळूहळू प्रक्रिया चालू राहू शकते, त्यातून मॅग्नेटाइटची काळी भुकटी तयार होते आणि हायड्रोजन सुटतो. म्हणजे दर महिन्याला काढावी लागणारी 'हवा' कधी कधी हवा नसतेच, रेडिएटर स्वतःलाच खात असल्याची ती खूण असते. (म्हणूनच हे काम करताना जवळ पेटती मेणबत्ती किंवा सिगरेट नको.) वर्षातून एकदा हवा निघाली तर काळजी नाही. वारंवार निघत असेल तर नुसती चावी फिरवून भागत नाही. कुठून तरी हवा आत शिरते आहे किंवा आत काहीतरी कुजतं आहे, ते शोधून काढावं लागतं आणि पाण्यात गंज रोखणारं रसायन घालावं लागतं.

आता ब्रिटनमध्ये गॅसचे बॉयलर हळूहळू काढून हीट पंप बसवायचं चाललं आहे. जर्मनीतही तेच. आग गेली तरी बहुतेक घरांत पाणी, नळ आणि रेडिएटर तेच राहणार, आणि पाणी तापलं की हवा सुटणारच. त्यामुळे स्क्रूही राहील आणि चावीही. ट्रीवाल्डच्या काचघरातल्या झाडांपासून आजवर ऊब देणारी आग आपल्यापासून लांब लांबच जात राहिली. तिच्यावर आपली सत्ता नाही, आणि बहुधा पुन्हा येणारही नाही. म्हणून हिवाळ्याआधी आपल्या वाट्याचं काम तरी नीट करावं, आणि भट्टी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे हिशेबही मागावा.

असो. ऑक्टोबर आला की आधी खालच्या मजल्यापासून सुरुवात करा, मग वरचा. फडकं विसरू नका. ते काळं पाणी गालिच्यावर पडलं तर निघत नाही.